सायबानाचा कोपरा

टण्ण!

पत्र्याच्या पायरीवर काहीतरी पडलं, एकदा उसळलं, स्वतःभोवती गरगरलं आणि मातीत जाऊन गप्प झालं. भागीरथा झटकन उठली. आल्या, तिला वाटलं. आंब्याखालच्या राहुटीतल्या सुलोचनाबाई आल्या की कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून आधी पायरीवर ठेवायच्या, त्याचा आवाज असाच व्हायचा. पदर सारखा करत, ओठांवर हसू आणतच ती डब्याच्या दारात आली, आणि ते हसू तसंच ओठांवर राहून गेलं. बाहेर कुणी नव्हतं. सायबानाची सावली रोजच्या जागी पडली होती, सावलीत चटई होती, चटईवर तिची पोर जिजी चिंचोके मांडून एकटीच बडबडत होती. पायरीपाशी मातीत एक पितळेची कडी पडली होती. सायबानाच्या नदीकडच्या कोपऱ्याची. भागीरथेनं वर पाहिलं. कोपरा लुळा पडला होता, आणि जिथं कडी होती तिथं नुसतं भोक होतं, कडा विस्कटलेलं, दात पडलेल्या तोंडासारखं. दोर खाली मेखेशी तसाच होता, आखडलेला, पिळलेला. तिला लगेच कळलं काय झालं ते. काल संध्याकाळी दोर ढिले करायचे राहिले होते. वर्षभरात पहिल्यांदा.

डबा म्हणजे त्यांचं घर. पलटणीच्या लिलावात घेतलेला, चाकांवरचा पत्र्याचा डबा, आणि त्याच्या एका अंगाला बांधलेलं जाड कापडाचं सायबान. दिवसा पुढं ओढून दोन खांबांवर ताणायचं, मुक्काम हलला की गुंडाळून डब्याच्या कपाळाला बांधून टाकायचं. बोर नदीवर धरण बांधायचं झालं तर कुठं, याची मोजणी करायला साहेबलोक आले तेव्हा डबा त्यांच्यासाठी आला होता. पण साहेबांना हिंगणीचा बंगला बरा वाटला आणि डबा नकाशांना मिळाला. नकाशांना, आणि नकाशांबरोबर ते काढणाऱ्या तिच्या नवऱ्याला, प्रेमदासला. आत एका भिंतीला नळकांड्यांत गुंडाळलेले नकाशे, दुसऱ्या भिंतीला फळी, फळीवर तिघांचं निजणं. पसरायचं, राहायचं, रांधायचं, बोलायचं ते सगळं बाहेर सायबानाखाली. म्हणजे अर्धं घर पत्र्याचं आणि अर्धं कापडाचं. पत्र्याच्या घराला काही करावं लागत नाही. कापडाच्या घराला रोज जपावं लागतं, तान्ह्या मुलासारखं. हे भागीरथेला कुणी सांगायला नको होतं. तिचा बाप, डोमाजी, जन्मभर पुलगावात पलटणीचे फाटके तंबू शिवून देणाऱ्या एका कंत्राटदाराकडे बसला होता. मेण लावलेल्या सुतळीचा वास तिला आईच्या वासासारखा होता. आई लवकर गेली, वास मात्र राहिला. बाप शिवताना बोलत राहायचा, हातातल्या दाभणाशी की मांडीशी बसलेल्या पोरीशी ते समजायचं नाही. ‘सांज झाली का दोर ढिला सोडाव, पोरी. रातच्यानं त्यो दहिवर पेते अन् आखडते. माणसासारखाच हाय त्यो. दिवसा वढला तं सोसते, पर रातच्यालेबी वढूनच ठेवला तं कडीच तोडून घेते.’

ती कडी तिनं पदराला पुसली आणि मुठीत धरून उभी राहिली. कडी उन्हानं तापली होती. काल संध्याकाळी दोर ढिले करायला ती खरं तर उठली होती. पहिल्या मेखेपाशी वाकली होती. आणि तेव्हाच सुलोचनाबाईंचे यजमान, अण्णाजी ओव्हरसियर, त्यांना न्यायला आले. ते रोज यायचे नाहीत, काल आले. हातात काठी, डोक्यावर काळी टोपी, दुरूनच म्हणाले, “काय, संपल्या का गप्पा? आज आम्हाला जेवण आहे की नाही?” आणि जिजी चटईवरून ताडकन उठली, दोन्ही पाय जुळवले, दोन्ही हात जोडले, आणि आजानं पुलगावात शिकवलं होतं तसं, अगदी तसं, गळ्याच्या शिरा ताणून म्हणाली, “जय भीम!”

नदीपलीकडे कुणीतरी बैलांना हाकत होतं, तो आवाज तेवढा ऐकू येत राहिला. अण्णाजींचा हात जिजीच्या डोक्यावर टपली मारायला नेहमीसारखा वर आला होता. तो टपली न मारता आपल्याच टोपीकडे गेला, टोपी सारखी केली, खाली आला. “वा वा,” ते म्हणाले. सुलोचनाबाईंच्या हातात चहाची कपबशी होती, अर्धी. “अगंबाई, मी भात टाकून आले की चुलीवर!” त्या म्हणाल्या आणि उठल्या. अर्धा चहा चटईच्या कडेला राहिला. भात खरंच टाकला होता का? एरवी भात लागला तरी त्या गप्पा सोडायच्या नाहीत. ‘लागू दे, खरवड आमच्या ह्यांना आवडते’ म्हणायच्या. अण्णाजींना टोपी खरंच सारखी करायची होती का? वारा सुटलेला नव्हता. भागीरथा मेखेपाशी वाकलेलीच राहिली. दोर हातात होता आणि हाताला आठवत नव्हतं, ओढायचा की सोडायचा.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं प्रेमदासला सांगितलं. तो पेन्सिलीला टोक काढत होता. ब्लेडनं इतका बारीक सालपा काढायचा की खाली पडताना तरंगायचा. “मंग?” तो म्हणाला. “तिनं काय शिवी देल्ली? जय भीमच तं म्हनलं.”

“मी कुठं म्हन्ते शिवी देल्ली म्हून.”

“मंग तू काऊन थरथरून राह्यली?”

“थंडी वाजून राह्यली मले.”

त्यानं ब्लेडवरचा सालपा फुंकून टाकला. म्हणाला, “कधी ना कधी समजाचंच होतं.” मग टोक बोटावर टोचून बघत, “फोटो लावाचा हाय. पर ह्या पत्र्यात खिळा ठोकता येत नाई. सरकारी माल हाय.” हे त्यानं यापूर्वीही सांगितलं होतं. बुद्धाचा तो फोटो नागपूरहून दीक्षा घेऊन येताना त्यानं गर्दीत पायाची नखं मोडेपर्यंत उभं राहून घेतला होता, काचेचा, काळ्या चौकटीचा. पुलगावात तो भिंतीवर होता. इथं तो ट्रंकेत होता, तिच्या लग्नाच्या लुगड्यात गुंडाळलेला, आणि दोघंही त्याच्याबद्दल बोलताना खिळ्याबद्दल बोलायची.

लपवलं असं त्यांनी काहीच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. वानखेडे आडनावावरून कुणालाच काही सांगता येत नाही. वानखेडे सगळ्यांत असतात. सुलोचनाबाईंनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, “तुम्ही वानखेडे म्हणजे आर्वीकडचे का? तिकडचे वानखेडे मोठे माळकरी.” आणि भागीरथा म्हणाली होती, “नाई, आमी पुलगावचे.” यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. पण तेव्हापासून ती वाक्यं मोजून बोलायला लागली. जिभेला सारखा एक दोर बांधलेला, ना ढिला ना ताठ. पुलगावात गिरणीच्या भोंग्यावर दिवस चालायचा. भोंगा झाला की आख्खी वस्ती उठायची, भांडायची, एकमेकींची नावं घेऊन हाका मारायची, आणि आपण कोण हे तिथं कुणाला सांगावंच लागायचं नाही. इथं भोंगा नव्हता. तरी पहाटे त्या वेळेला तिला जाग यायची आणि ती कान देऊन पडून राहायची, कशासाठी ते न कळून. बाहेर सायबानावर दव साचायचं, त्याला आवाज नसतो.

आणि या रानात तिला बाईमाणूस म्हणून सुलोचनाबाई एवढ्या एकट्याच मिळाल्या होत्या. बाकी कॅम्पात सगळे पुरुष, साखळ्या ओढणारे, झेंडे धरणारे. सुलोचनाबाईंचे दोन्ही मुलगे वर्ध्याला मामाकडे शिकायला. दुपारभर त्यांना करमायचं नाही. आंब्याखालच्या आपल्या राहुटीतून निघून त्या सायबानाखाली यायच्या, किल्ल्या ठेवायच्या, चटईवर पाय लांब करायच्या आणि म्हणायच्या, “आण गं जिजाबाई, पाणी आण.” जिजीला त्या जिजाबाईच म्हणायच्या, चार वर्षांच्या पोरीला, आणि जिजी मोठ्या तोऱ्यात माठातून पेला भरून दोन्ही हातांनी धरून आणायची. पेला एका दमात रिकामा करून त्या म्हणायच्या, “काय गोड पाणी आहे तुमच्याकडचं! आमच्या रांजणाचं बघ, नुसतं गढूळ.” पाणी एकाच झिऱ्याचं होतं. भागीरथेला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत असणार. पण ते वाक्य ऐकण्यासाठी तिचे कान दुपारी बारापासून उभे राहायचे. चतुर्थीलासुद्धा त्या पाणी प्यायल्या होत्या. भागीरथेनं घाबरून विचारलं होतं, “वयनी, तुमचा तं उपास हाय ना?” तर त्या खळखळून हसल्या होत्या. “अगं वेडे, पाण्याला कसला आलाय उपास?”

सातवा लागला होता तिला. आई नव्हती. बाप म्हातारा, एकटा, डोळ्यांनी अधू. पुलगावला जाऊन करणार कोण? सुलोचनाबाईच म्हणाल्या होत्या, तिच्या पोटावर सरळ हात ठेवून, “कुठं जाऊ नकोस. हिंगणीची सुईण मी सांगून ठेवते, आणि मी आहे ना जवळ! पहिलं रडणं मी ऐकणार.” पोटात तेव्हा काहीतरी हललं होतं आणि त्यांनी हात तसाच ठेवला होता. तो हात आता भागीरथेला आठवत होता. ऊबदार, जरा खरबरीत, बांगड्यांचा. तो हात पुन्हा येईल का, एवढंच तिला हवं होतं. बाकी त्यांनी काहीही म्हणावं.

दाभण, सुतळी आणि मेणाचा गोळा घेऊन ती सायबानाखाली बसली. कोपरा मांडीवर ओढून घेतला. फाटलेल्या कडेला आतून ठिगळ लावायचं, मग कडीभोवती दाट टाके. दाभण जाड कापडातून कुरकुरत जात होतं, आणि प्रत्येक टाक्याला ती मान वर करून आंब्याकडे बघत होती. राहुटीचं दार बंद होतं. धूर मात्र निघत होता. म्हणजे घरात होत्या. उन्हात वाळत घातलेलं लुगडं दोनदा पालटलं होतं. म्हणजे बाहेरही आल्या होत्या. आंब्यापासून इथवर हाक पोचते. तिला वाटलं, आपणच जावं. ‘वयनी, आज काऊन नाई आल्या?’ एवढं म्हणायला काय हरकत आहे? मग वाटलं, त्या दारात येतील, आत या म्हणायच्या आधी क्षणभर थांबतील, आणि तो क्षण आपण बघू. न गेलेलं बरं. न गेलं की तो क्षण नसतो. कंत्राटदाराचा मुनीम बापाच्या ओंजळीत वरून चहा ओतायचा, तेव्हा बाप हसत हसत घरी येऊन सांगायचा, ‘माह्या टाक्याखाली कर्नल निजते, पर माह्या लोट्यातलं पानी शेठचा मुनीम पेत नाई! कर्नल मोठा का मुनीम मोठा?’ वस्ती हसायची. तीही हसायची, लहान होती. आता मांडीवरचं कापड खसखसलं आणि तिला वाटलं, बाप तेव्हा हसत होता की नाही हे आपण कधी नीट बघितलंच नाही.

संक्रांतीला सुलोचनाबाईंचं हळदीकुंकू इथंच झालं होतं. त्यांची राहुटी लहान, हिंगणीच्या चारपाच बाया येणार होत्या. “तुझं सायबान दे गं मला एक दिवस,” त्या म्हणाल्या होत्या, जसं कुणी जरीचं लुगडं मागावं. आदल्या दिवशी दोघींनी मिळून ते झाडलं होतं, वरची पाखरांची विष्ठा कोरड्या कुंच्यानं. सुलोचनाबाई भाताची पेज घेऊन आल्या होत्या. “याला जरा खळ देऊ या, कसं कडक दिसेल, धोतरासारखं!” भागीरथा पोट धरून हसली होती. “अवो वयनी, खळ देल्ली तं उंदरं खातीन अन् बुरशी चढन! याले ना साबण चालत, ना खळ. नुसतं ऊन पायजे याले.” “तुला गं काय ठाऊक एवढं?” “माहा बा तंबू शिवते ना.” हेही खरंच होतं. सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या, “चांगली कला आहे,” आणि पेज जिजीला गूळ घालून प्यायला दिली होती. दुसऱ्या दिवशी पूजेचं सुगड त्यांनी भागीरथेच्या हातात दिलं, बायांनी तिला हळदकुंकू लावलं, सुगडाला नमस्कार कर म्हणाल्या, आणि तिनं केला. दीक्षेच्या दिवशी नागपूरच्या त्या मैदानात लाखांच्या आवाजात आपला आवाज मिसळून, देवांना हात जोडणार नाही असं, तिनं जे जे म्हटलं होतं ते सगळं त्या नमस्काराच्या वेळी गळ्याशी येऊन थांबलं होतं. संध्याकाळी प्रेमदासनं तिच्या कपाळाकडे बघितलं, हळद ओघळली होती. नकाशावरची रेघ पुढं ओढली, आणि ती वाकडी आली म्हणून खोडली.

टाके अर्धे झाले होते. तिनं दाभण कापडातच खोचलं आणि उठली. का उठली हे तिलाही कळलं नाही. डब्यात गेली, ट्रंक उघडली, लुगड्याची घडी सोडली. काचेवर तिचंच तोंड आलं आधी. मग तिनं फोटो तिरपा केला तसे आतले मिटलेले डोळे दिसले. बाहेर येऊन तिनं तो आंब्याकडच्या खांबाच्या कंदिलाच्या आकड्याला अडकवला. खिळा लागलाच नाही. वर्षभर तो आकडा तिथंच होता. जिजी चिंचोके टाकून आली. “आपला फोटो!” ती म्हणाली. “पुलगावचा!”

“हो.”

“काकूले दाखवाचा?”

भागीरथा पुन्हा खाली बसली. तिला काहीतरी मोकळं वाटत होतं, दोर सोडल्यावर कापड हलकेच श्वास घेतं तसं. येऊ दे त्यांना. बघू दे. आणि नाही आल्या तर नाही आल्या. हे ती तीनदा मनात म्हणाली आणि तिसऱ्यांदा म्हणताना लक्षात आलं की सावली नाहीशी झाली आहे. ऊन गेलं होतं. नदीपलीकडच्या डोंगरावर आभाळ जांभळं झालं होतं, माघातलं अवकाळी आभाळ, ज्याला कुणी बोलावलेलं नसतं. वारा आधी जमिनीवरून आला, पानं गोळा करत. मग सायबानाच्या पोटात शिरला आणि सगळं कापड एकदम वर उचललं गेलं. अर्धे टाके घातलेला कोपरा तिच्या मांडीवरून सुटला. दाभण कुठं उडालं कळलं नाही. “जिजी, आत हो!” ती ओरडली, आणि गारा पडायला लागल्या.

गारा कापडावर फुटाण्यांसारख्या फुटत होत्या. भागीरथेनं लुळ्या कोपऱ्याचा दोर पकडला, पण पोटामुळं वाकता येईना, आणि दोर वर कोपऱ्यापर्यंत पोचेना. वर पाणी साचायला लागलं. कोपरा तुटल्यामुळं कापडाला मध्ये खोल झोळ आला होता, झोळ भरत होता, खांब कललेला. अजून थोडं पाणी, की सायबान मधून फाटणार. मग चूल, माठ, चटई, सगळं उघड्यावर. “धर! धर तो खांब!” कुणीतरी ओरडलं. आंब्याकडून सुलोचनाबाई पळत येत होत्या, डोक्यावर गोणपाट, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, अनवाणी. त्यांनी गोणपाट फेकलं आणि भागीरथेच्या हातातला दोर, तिच्या हातांसकट, दोन्ही हातांनी धरला. “तू पोटाला जप! ताण देऊ नकोस! सांग मला, काय करू?”

“खांब खाली घ्या वयनी! नदीकडचा! पानी उतरून जाऊ द्या!”

त्यांनी खांब मिठीत घेतला आणि खाली बसकण मारली. सायबानाचं ते टोक वाकलं, आणि साचलेलं सगळं पाणी गारांसकट एका धारेनं धबाबा बाहेर गेलं, दोघींना न्हाऊ घालून. सुलोचनाबाई किंचाळल्या आणि हसायला लागल्या. भागीरथाही हसायला लागली. दोघींच्या बांगड्या, दोघींचे केस, दोघींचे हात एकाच दोराला. काल काही झालंच नव्हतं. आपण उगाच रात्र काढली, तिला वाटलं, उगाच. टोपी टोपीच होती आणि भात भातच होता. तेवढ्यात तिला दिसलं, जिजी डब्याच्या दारातून बाहेर आली आहे. वाकलेलं कापड आता तिच्या उंचीला आलं होतं. ओलं, जड, थरथरणारं. जिजीनं बोट वर केलं आणि ते कापडाला लावलं.

“हात नको लावू!” भागीरथा ओरडली. “हात नको लावू म्हन्लं ना! ओल्या कापडाले हात नाई लावाचा!”

तिचाच आवाज, आणि तिला तो ओळखू आला नाही. तो तिच्या आधीचा होता. विहिरीच्या काठावरून, दुकानाच्या फळीवरून, शाळेच्या माठापासून आलेला. हात नको लावू. लांब हो. ती थांबली. सुलोचनाबाईही थांबल्या, त्यांनी एकदा भागीरथेकडे पाहिलं, आणि दृष्टी काढून घेतली. जिजीनं बोट काढलं, पण व्हायचं ते झालं होतं. बापानं सांगितलं होतं तेच. पाऊस असताना आतून बोट लागलं की बरोबर तिथूनच थेंब येतो, आणि पाऊस थांबेपर्यंत थांबत नाही. पहिला थेंब फुगला, लोंबला, चटईवर पडला. टप्. मग दुसरा.

गारा थांबल्या. पाऊस राहिला, बारीक. सुलोचनाबाई खांब सरळ करून उठल्या, पदर पिळला, आणि तेव्हा त्यांना फोटो दिसला. तो आकड्याला अजून हेलकावे खात होता, काचेवरून पाणी ओघळत होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. सुलोचनाबाईंनी हात वर केला, फोटो आकड्यावरून काढला, दोन्ही हातांनी. आपल्या ओल्या पदराची त्यातल्या त्यात कोरडी बाजू शोधली आणि काच पुसली, चौकटीच्या कडांसकट, घरचे देव पुसतात तशी, निगुतीनं. मग डब्यात जाऊन फळीवर ठेवला, उभा, मागं उशीचा टेकू देऊन. “पाण्यात कशाला ठेवतेस गं?” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. जवळजवळ नेहमीचा.

त्या बाहेर आल्या, पायरीवर टेकल्या. धाप लागली होती, छाती वरखाली होत होती. केसांतून गारेचा तुकडा निघाला, तो त्यांनी जिजीच्या तळव्यावर ठेवला. जिजीनं तो तोंडात टाकला आणि मग तिला एकदम आपलं काम आठवलं. ती माठाकडे धावली. पेला भरला, काठोकाठ, दोन्ही हातांनी धरला, एक थेंब सांडू न देता पायरीपर्यंत आणला.

“काकू, पानी.”

सुलोचनाबाईंनी पेल्याकडे पाहिलं. त्यांचा गळा हलला. ओठ कोरडे पडले होते, भागीरथेला ते स्पष्ट दिसलं. हात मांडीवरून थोडासा उठला. मग परत मांडीवर बसला.

“नको गं राणी,” त्या म्हणाल्या. “आज माझा उपास आहे.”

कसला, ते भागीरथेनं विचारलं नाही. तिनं मनातल्या मनात तिथी शोधली, आणि मध्येच सोडून दिली. सुलोचनाबाई उठल्या. जिजीच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, खरंच फिरवला, मागं वेणीपर्यंत. गोणपाट उचललं. “कडी नीट बसव उद्या. आणि वाकू नकोस तू,” त्या भागीरथेला म्हणाल्या, तिच्या पोटाकडे बघत. रोज त्या म्हणायच्या, ‘येते गं.’ आज म्हणाल्या, “चल, निघते.” आणि आंब्याकडे चालत गेल्या, पळत नाही, पावसात, चिखलातून पाय जपून टाकत. निम्म्या वाटेत थांबल्यासारख्या वाटल्या. की पायात काटा भरला होता.

भागीरथेनं ओल्या कोपऱ्याचा दोर हातात घेतला. संध्याकाळ होत होती. ढिला सोडायला हवा होता. मागं चटईवर थेंब पडत होता, एकाच जागी. जिजी भरलेला पेला तसाच धरून उभी होती. तिनं वर थेंबाकडे पाहिलं, मग राहुटीच्या बंद होणाऱ्या दाराकडे, मग पेल्याला धरलेल्या आपल्या बोटांकडे, बराच वेळ.

“आई,” ती म्हणाली, “म्या हात लावला म्हून काकू पानी नाई पेली का?”